हाली आणि कळदार : एका संगणकात दोन कार्यप्रणाली

दोन व्यवस्था एकाच पेढीत नांदविणे मराठवाड्यातील व्यापाऱ्याला नवे नाही. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवर दोन प्रकारचे रुपये चालत. एक हैदराबाद संस्थानाचा हाली सिक्का आणि दुसरा इंग्रजी मुलखातील कळदार. गावातील उधारी-उसनवारी हालीत, तर मुंबईकडील देणे-घेणे कळदारात. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले तरी हाली लगेच गेला नाही. सात हाली म्हणजे सहा कळदार, या हिशेबाने तो पुढे काही वर्षे चालत राहिला आणि १९५९ साली कायमचा बाद झाला. त्या काळातील मुनीम दोन्ही चलने मनात वेगवेगळी ठेवीत असे. कोणती रक्कम कोणत्या चलनात लिहावयाची, एवढे भान सुटले नाही म्हणजे वही बिनचूक राही.

आज दुकानातील संगणकाबाबत तसाच प्रसंग आला आहे. एकाच यंत्रात दोन कार्यप्रणाली बसविता येतात, आणि परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील कित्येक दुकानांना तसे करणे लाभाचे ठरेल. मात्र काही दुकानांनी या वाटेला मुळीच जाऊ नये. कोणी करावे आणि कोणी टाळावे, हे विचारपूर्वक ठरविता यावे म्हणून हा लेख.

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे प्रथम उभे राहते आणि ज्याच्या आधारावर टॅली, छपाई, इंटरनेट असे सर्व काही चालते, ती कार्यप्रणाली. बहुतेक दुकानांत ती विंडोज असते, आणि त्यातही विंडोज १०. जुलै २०१५ मध्ये आलेल्या या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. दीपावली अवघ्या आठवड्यावर आली होती, घरोघरी वहीपूजनाची तयारी चालली होती, आणि ज्या यंत्रात आता खरी वही असते त्याच्या पहारेकऱ्याची नोकरी संपली होती. यंत्र बंद पडले नाही, टॅलीही पूर्ववत चालू राहिली, म्हणून पुष्कळांच्या ही गोष्ट ध्यानात आली नाही.

आधार संपणे म्हणजे नेमके काय? प्रत्येक कार्यप्रणालीत अधूनमधून नव्या फटी सापडत असतात. चोरांना त्या सापडण्यापूर्वी, किंवा निदान सापडताच, कंपनी त्या बुजविते. हे काम थांबले की पुढे सापडणारी प्रत्येक फट उघडीच राहते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद करून पैसे मागितले, हे अनेकांना आठवत असेल. त्याने वापरलेली फट बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत घेण्याची सोय ठेवण्यात आली. ती मुदत म्हणजे मुदतच. तिने प्रश्न पुढे ढकलला जातो.

मग विंडोज ११ का घेऊ नये? यंत्र तिच्या अटींत बसत असेल तर अवश्य घ्यावी, आणि हा लेख येथेच मिटवावा. परंतु त्या अटी कडक आहेत. यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर मान्यताप्राप्त यादीतील हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि ती पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. आपल्याकडे जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. त्या वर्षी किराणा, कापड, अडत, कृषी सेवा केंद्र अशा अनेक दुकानांत पहिल्यांदाच संगणक आला. म्हणजे जीएसटीच्या निमित्ताने घाईने घेतलेली यंत्रे नेमकी उंबरठ्याच्या अलीकडे राहिली! अटी चुकवून विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या दुरुस्ती करणारी मुले सांगतात. त्या चालतातही. पण अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतच राहतील, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या यंत्रावर पेढीचा हिशेब आहे तेथे हमीवाचून काम करणे मला तरी पटत नाही.

असे यंत्र भंगारात घालावे काय? आठ-नऊ वर्षांचा संगणक बहुधा धडधाकट असतो. त्याला मोडीत काढण्याचे कारण यंत्रात नसून कागदावर असते. जैन घरात अपरिग्रहाची चर्चा पर्युषणात आणि दशलक्षणात होते. ती या टेबलावरच्या डब्यालाही लागू आहे. जुन्या संगणकाचे पुढे काय होते, त्यातील शिसे आणि अन्य विषारी द्रव्ये कोणाच्या हाताखालून आणि कोणत्या मातीत जातात, हा हिंसेचाही प्रश्न आहे. तो येथे विस्ताराने मांडत नाही.

याच ठिकाणी लिनक्सचा विचार येतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहून जगासाठी खुला केला. तेव्हापासून हजारो जणांच्या हातांनी ती वाढत आली. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन ही तिची निरनिराळी रूपे. ती विनामूल्य मिळतात, आणि कितीही यंत्रांवर बसविली तरी कायदा मोडत नाही. उसनवारीची, 'क्रॅक' केलेली विंडोज वापरून अस्तेय व्रताकडे कानाडोळा करणाऱ्या दुकानांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. मिंटची बाविसावी आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली. तिला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि चार जीबी मेमरीच्या यंत्रावर ती सुखाने चालते.

हे काही प्रयोगशाळेतील खेळणे नव्हे. चेक न वटल्याच्या दाव्यासाठी आपल्यापैकी अनेकांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्तस्रोत प्रणालीचा स्वीकार झाला, न्यायाधीशांना उबुंटू लिनक्सची खास तयार केलेली आवृत्ती देण्यात आली, आणि तारखा व निकाल दाखविणारी खटल्यांची माहितीप्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केली. केरळमधील सरकारी शाळांची मुले अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स २००७ सालापासून उपलब्ध केली आहे.

मग विंडोज काढून सरळ लिनक्सच का बसवू नये? कारण टॅली. टॅलीप्राइम विंडोजसाठी घडविलेली आहे. लिनक्सवर ती आडवाटेने चालविण्याचे उपाय आहेत, पण कंपनीच्या आधारावाचून. श्रीलिपीत टंकलेल्या जुन्या पत्रिका, वजनकाट्याला जोडलेली प्रणाली, डिजिटल सहीची यूएसबी किल्ली, आधारचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र, यांचेही बव्हंशी तसेच आहे. शिवाय मुनीमजींच्या बोटांना टॅलीच्या कळा आता इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्या बदला म्हणणे म्हणजे वयाच्या साठीत उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने लिहा म्हणण्यासारखे आहे.

म्हणून दोन्ही. एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी बसवितात. यंत्र सुरू केले की एक छोटी यादी दिसते; बाणाच्या कळीने हवी ती प्रणाली निवडावी. काही सेकंदांत कोणीच काही निवडले नाही, तर आधी ठरवून ठेवलेली प्रणाली आपोआप सुरू होते. तेथे विंडोज ठरवून ठेवली की मुनीमजींना नवे काहीच शिकावे लागत नाही. दोन्ही प्रणाली एकाच वेळी जाग्या नसतात. एक झोपवावी तेव्हाच दुसरी उठते. एका वाड्यात दोन चुली असाव्यात, पण फुंकणी एकच, असा हा संसार आहे.

कामाची वाटणी मात्र काटेकोर हवी. विंडोज १० टॅलीसाठी आणि तिच्यावरच अवलंबून असलेल्या कामांसाठी ठेवावी, आणि शक्य असेल तर तिचा इंटरनेटशी संबंध तोडावा. ईमेल, बँक, जीएसटीचे संकेतस्थळ, ई-वे बिल, व्हॉट्सॲप, बाजारभाव, मुलांचा अभ्यास हे सर्व लिनक्समध्ये. जेथे चोर येण्याचा संभव तेथे पहारा जागा, आणि जेथे पहारा नाही तेथे दाराला कडी. या वाटणीसाठीच सगळा खटाटोप आहे. दोन्ही प्रणाली बसविल्या आणि तरीही बँकेचे काम जुन्या विंडोजमध्येच चालू ठेवले, तर श्रम वाया गेले असे समजावे.

कोणी या वाटेला जाऊ नये

ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक आहे, त्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. अशा पेढीत टॅलीला दिवसभर इंटरनेट लागते. प्रत्येक बिलाला क्रमांक तेथूनच येतो. त्यांनी नवे यंत्र घ्यावे. मोंढ्यात सोयाबीन-कापसाची आवक चालू असताना एक पट्टी टॅलीत आणि दुसरे ई-वे बिल लिनक्समध्ये, असे प्रत्येक गाडीला यंत्र बंद-चालू करणे कोणालाही जमणार नाही. जुन्या यंत्रावर एका खेपेला दोन-तीन मिनिटे जातात. समोर हमाल आणि ट्रकचालक उभे असताना ती फार मोठी असतात. तसेच दुकानात एकच संगणक असेल आणि तो बिघडला तर दुरुस्तीसाठी परभणी किंवा नांदेडहून माणूस येईपर्यंत व्यवहार थांबणार असेल, तर त्या एकाच यंत्रावर हा प्रयोग करू नये.

उलट, ज्यांचे टॅलीचे काम सायंकाळी एकदा बसून होते, ज्यांच्याकडे दुकानातील नव्या यंत्रामुळे जुने घरी आले आहे, किंवा ज्यांचा मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीला असून लिनक्सवर काम करणे त्यांना शिकावेच लागणार आहे, त्यांच्यासाठी ही सोय उत्तम.

आधी वही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डिस्कचे विभाग बदलताना वीज गेली, एक आकडा चुकला, एक चौकट न वाचता पुढे ढकलली, तर सर्व माहिती एका क्षणात जाऊ शकते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा संगणक बिघडला हे उत्तर उपयोगाचे नाही.

एकाच प्रतीवर विसंबणे किती धोक्याचे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागू नये. धवला-जयधवलांची प्राचीन ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे राहिली, बाहेर त्यांची प्रत नव्हती. एखादी आग, एखादा पूर, वाळवीची एखादी पिढी, आणि षट्खंडागमाची ती परंपरा संपली असती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद प्रभृतींच्या प्रयत्नांनी नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून ते ग्रंथ संपादून छापले, तेव्हा कुठे ते सुरक्षित झाले. श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला आपण शास्त्रांचे पूजन करतो, ग्रंथांवरील धूळ झटकतो, नवी वेष्टने घालतो. त्याच दिवशी टॅलीच्या बॅकअपची प्रत तपासून पाहण्याचा परिपाठ एखाद्या घराने घातला, तर तो परंपरेला धरूनच होईल.

प्रती दोन हव्यात आणि त्या त्याच यंत्राच्या बाहेर हव्यात. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, आणि दोहोंपैकी एक दुकानात न ठेवता घरी. बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. तो दुसऱ्या संगणकावर उघडून गेल्या मार्चची शिल्लक जुळते का, हे पाहावे. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड.

टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. म्हणून डिस्कवर हात टाकण्यापूर्वी टॅलीतच असलेल्या सोयीने तो 'सरेंडर' करावा आणि काम झाल्यावर पुन्हा सक्रिय करावा. हे विसरणारे पुष्कळ आहेत, आणि मग टॅलीच्या विक्रेत्याला फोन करण्यात दिवस जातो.

प्रत्यक्ष बसविताना

बहुतेक ठिकाणी एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन प्रणाली बसवितात. माझे मत वेगळे आहे. जुन्या यंत्रात एक नवी, लहानशी एसएसडी बसवावी आणि लिनक्स तिच्यावर ठेवावी. २५६ जीबीची एसएसडी नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात येते. लिनक्स बसवीत असताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती पुसली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढे केबल जोडली की सुरू होण्याच्या वेळी एक ठराविक कळ दाबून कोणत्या डिस्कवरून उठावे ते निवडता येते. शिवाय एसएसडीमुळे जुने यंत्र असे काही चपळ होते की हाच खरा लाभ वाटावा. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा नसेल, तरच विभागणीचा मार्ग धरावा. तेव्हाही विंडोजचा विभाग लहान करण्याचे काम विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून करावे. ते लिनक्सच्या हाती देऊ नये.

लिनक्सची फाइल सुमारे तीन जीबीची असते. ती फक्त अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी होऊन काही काळ दूषित फाइल दिली गेली होती, म्हणून उतरविलेल्या फाइलचा तपासणी-अंक जुळवून पाहण्याची जी पद्धत तेथे सांगितलेली असते, तिचा कंटाळा करू नये. 'रूफस' किंवा तत्सम साधनाने ही फाइल आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवितात. त्या पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह नको.

या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले की लिनक्स न बसविताच चालवून पाहता येते, डिस्कला स्पर्शही न करता. एक पूर्ण दुपार यासाठी द्यावी. वायफाय लागते का, छपाईयंत्र ओळखले जाते का, बिलाचा जुना ठोकछपाईचा प्रिंटर चालतो का, मराठी अक्षरे नीट दिसतात का, हे सर्व तेव्हाच पाहून घ्यावे. पसंत पडले नाही तर पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. काहीच घडलेले नसते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातही इतकी सोय नसते.

बसविण्यापूर्वी विंडोजमध्ये दोन गोष्टी कराव्यात. पहिली, 'फास्ट स्टार्टअप' बंद करणे. ही सोय चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही. ती अर्धवट झोपते आणि आपल्या फायली धरून ठेवते. अशा वेळी लिनक्समधून त्याच विभागात काही लिहावयास गेले, तर माहिती बिघडण्याचा धोका असतो. दुसरी, 'बिटलॉकर' किंवा डिस्कचे कुलूप चालू आहे का हे पाहणे. नव्या लॅपटॉपमध्ये ते कित्येकदा मालकाच्या नकळत चालू असते. सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला की ते ४८ अंकी किल्ली मागते. सामायिकाची मिनिटे जितकी, तितके अंक. ते आधीच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावेत. किल्ली नसेल तर आतील माहिती ब्रह्मदेवालाही दिसणार नाही.

वेळ कोणती निवडावी? विक्रीचे विवरण ११ तारखेला आणि कराचा भरणा २० तारखेला असतो. त्रैमासिक पद्धतीत तारीख दोन-चार दिवस पुढे जाते. म्हणून महिन्याचा शेवटचा आठवडा बरा. कापूस-सोयाबीनचा हंगाम टाळावा. चातुर्मासात, पावसाळ्यात मोंढा शांत असतो, ते दिवस उत्तम. पण त्याच दिवसांत वादळी पावसाने वीजही जाते, म्हणून यूपीएस किंवा इन्व्हर्टर जोडल्याखेरीज सुरुवात करू नये, आणि लॅपटॉप असेल तर तो पूर्ण भारित असावा.

बसविल्यानंतर पहिल्याच दिवशी एक चमत्कार दिसेल. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असेल. यंत्रात काही बिघडलेले नाही. यंत्राच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तेथे स्थानिक वेळ आहे असे धरून चालते. दोहोंतील अंतर म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचे साडेपाच तास. नवकारसीची वेळ संगणकावर पाहणाऱ्याचा उपवासच घडायचा! गंमत बाजूला ठेवली तरी वेळ चुकलेली असताना काही संकेतस्थळे उघडत नाहीत, सुरक्षेचे बदलते अंक जुळत नाहीत, आणि पहाटे लवकर नोंद केली तर ती आदल्या दिवशीच्या तारखेला पडू शकते. लिनक्सला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ पाळावयास सांगितले की हा घोटाळा संपतो. बसवून देणाऱ्याकडून हे काम आठवणीने करून घ्यावे.

दोन्ही प्रणालींना देवाणघेवाणीसाठी एक सामाईक विभाग ठेवावा. टॅलीतून ई-वे बिलाची फाइल तेथे काढावी, यंत्र लिनक्समध्ये सुरू करावे आणि तीच फाइल संकेतस्थळावर चढवावी. दिवसाला दोन-चार बिले असणाऱ्याला हे जमते. विंडोज लिनक्सचा विभाग आपण होऊन वाचू शकत नाही, लिनक्स मात्र विंडोजचा वाचते. म्हणून टॅलीचा मूळ डेटा सामाईक विभागात ठेवू नये, त्याची जागा विंडोजमध्येच. सामाईक विभाग हे ओटे आहेत, तिजोरी नव्हे.

मराठीची काळजी आता उरलेली नाही. युनिकोडमधील मराठी दोन्हीकडे सारखीच दिसते, आणि इनस्क्रिप्ट कळफलकही दोन्हीकडे तोच. रेड हॅट कंपनीने खुले केलेले 'लोहित' टंक लिनक्समध्ये वर्षानुवर्षे वापरात आहेत. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावावरूनच ते ठेवले. लिब्रेऑफिसमध्ये पत्रव्यवहार आणि तक्ते करता येतात. मंदिराच्या ट्रस्टचे अहवाल, पाठशाळेच्या सूचना, विहाराची पत्रके यांसाठी ते पुरेसे आहे. श्रीलिपीतील जुना मजकूर मात्र लिनक्समध्ये अक्षरांचा चिवडा होऊन उघडतो. तो विंडोजमध्येच राहू द्यावा किंवा सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

शेजाऱ्यांत कधी कुरबुरही होते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेची एक सुधारणा पाठविली, आणि दोन प्रणाली असलेल्या कित्येक यंत्रांवर लिनक्स उठेनाशी झाली. विंडोज व्यवस्थित होती, डेटाही सुखरूप होता. दरवाजाच बदलला गेला होता. तात्पुरता उपाय काही दिवसांत मिळाला, पण कायमची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला. असे क्वचित घडते, तरी बसविताना वापरलेला पेनड्राइव्ह पुसून टाकू नये. लेबल लावून कपाटात ठेवावा. लिनक्स रुसली तर त्याच्याच आधारे ती पुन्हा उठविता येते. जुन्या विंडोजचे इंटरनेट तोडले असेल तर अशा सुधारणाही तिच्याकडे येत नाहीत, आणि ही तक्रार बहुतांशी मिटते.

राहता राहिला प्रश्न, नको झाले तर काय? लिनक्स वेगळ्या एसएसडीवर असेल तर यंत्राच्या सेटिंगमध्ये जुन्या डिस्कला पहिला मान द्यावा आणि एसएसडीची केबल काढावी. पाच मिनिटांचे काम. एकाच डिस्कवर दोन्ही असतील तर लिनक्सचा विभाग थेट पुसू नये. सुरुवातीची यादी दाखविणारा भाग लिनक्सचाच असतो. तो गेला की काळ्या पडद्यावर एक चिन्ह लुकलुकत राहते आणि टॅली आतच अडकते. आधी विंडोजचा स्वतःचा आरंभक पहिल्या क्रमांकावर आणावा, यंत्र दोन वेळा सुरू करून ते सरळ विंडोजमध्ये जाते याची खात्री करावी, आणि मगच ती जागा मोकळी करावी.